टाय घातलेला कामगार

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैशाखातल्या दुपारी एखाद्या दवाखान्याच्या पायरीशी क्षणभर थांबून पाहावे. आत बाकांवर रुग्ण बसलेले असतात. बाहेर भिंतीच्या अरुंद सावलीत तीन-चार तरुण उभे असतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यात टाय, पायांत चकाकते काळे बूट, हातात जड बॅग. दारावर पाटी असते: एम.आर. भेटीची वेळ अमुक ते अमुक, अमुक इतक्याच जणांना. कंपाउंडरची मान हलेपर्यंत कोणी आत जात नाही. आत गेल्यावर हाती लागतात दोन मिनिटे, फार तर तीन.

या माणसाला शहरात सारे ओळखतात, पण त्याचा इतिहास मात्र जवळजवळ कोणालाच ठाऊक नसतो. त्याची एक देशव्यापी संघटना आहे आणि तिने साठी ओलांडली आहे. संसदेने केवळ त्याच्यासाठी एक कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकत्र बसून त्याच्याविषयी एकच प्रश्न सोडवला: हा मनुष्य कामगार आहे की नाही? विज्ञानाची पदवी हाती येताच या व्यवसायात उतरणाऱ्या मुलालाही हे कोणी शिकवलेले नसते. आजचा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

आधी हा व्यवसाय मुळात का निर्माण झाला ते पाहू. बाजारातल्या इतर वस्तूंहून औषधाचे अर्थशास्त्र विचित्र आहे. साबण ज्याला हवा तो निवडतो, पैसे मोजतो आणि वापरतो. चिठ्ठीवरच्या औषधात निवडणारा डॉक्टर, पैसे मोजणारा रुग्ण, आणि विकणारा तिसराच, कोपऱ्यावरचा दुकानदार. त्यामुळे कंपनीला लाखो रुग्णांशी बोलण्याचे कारण उरत नाही. गावोगावच्या मोजक्या डॉक्टरांच्या मनात आपल्या गोळीचे नाव रुजले की काम झाले. हे काम छापील जाहिरातीने पुरते साधत नाही. त्यासाठी माणूस पाठवावा लागतो, तोही थोडेफार शरीरशास्त्र आणि रसायनशास्त्र जाणणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर सल्फा औषधे आणि प्रतिजैविके यांचा काळ आला, मुंबईत परदेशी कंपन्यांचा पसारा वाढला आणि या माणसाची गरजही वाढली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढे १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरचे पेटंट काढून केवळ प्रक्रियेवरचे ठेवले आणि देशी कंपन्यांना मोकळे रान मिळाले. एकच औषध डझनभर नावांनी निघू लागले. गुणाने सारखी असलेली डझनभर नावे डॉक्टरच्या ध्यानात ठेवायची तर डझनभर माणसे त्याच्या दारात उभी राहणार, हे ओघानेच आले.

ही माणसे कोठून आली? मराठवाड्यापुरते पाहायचे तर उत्तर पन्नाशीच्या दशकात सापडते. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच मिलिंद महाविद्यालय. १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, ज्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा आजही 'घाटी' म्हणतो. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्या प्रदेशात पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, तेथे एका दशकात डॉक्टर घडवणारी संस्था उभी राहिली आणि बी.एस्सी. झालेल्या मुलांची पहिली पिढीही तयार झाली. डॉक्टरांपर्यंत जाण्यासाठी कंपन्यांना जे शिक्षण हवे होते, नेमके तेच या मुलांजवळ होते. शेतकरी किंवा शिक्षकाच्या घरातला, एम.एस्सी. करण्याइतके पैसे नसलेला आणि शिक्षकाच्या जागेसाठी देणगी मोजू न शकणारा मुलगा बॅग उचलू लागला.

कंपनी त्याला काही आठवडे शिकवी. हृदयाचे कप्पे, यकृताचे कार्य, आपले औषध आणि शेजाऱ्याचे औषध. मग 'डिटेलिंग', म्हणजे डॉक्टरसमोर उभे राहून चित्रांच्या पुस्तिकेवर पेन फिरवत म्हणावयाची घोटून पाठ केलेली इंग्रजी वाक्ये. खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाने ही वाक्ये खोलीचे दार लावून आरशासमोर म्हणण्याची रीत या व्यवसायात सार्वत्रिक होती आणि अजूनही आहे. त्यानंतर त्याला मुलूख मिळे. शहर हे 'हेडक्वार्टर'. पैठण, सिल्लोड, कन्नड, वैजापूर अशी सकाळी निघून रात्री परतण्याची गावे ती 'एक्स-स्टेशन'. परभणी, नांदेडकडे मुक्कामाने जायचे ते 'आउट-स्टेशन'. या तीन शब्दांवर भत्ता ठरे, म्हणजे घरी किती पैसे पोचणार तेही ठरे. एस.टी.च्या मागच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन रात्री दिवसभराचा अहवाल लिहायचा: किती डॉक्टर भेटले, किती दुकाने झाली, कोणती गोळी किती खपली.

आता प्रश्नाकडे वळू.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराला एक महत्त्वाचे संरक्षण दिले. त्याला मनमानीने काढले तर सरकारमार्फत वाद कामगार न्यायालयात नेता येत असे. पण कामगार कोण? कायद्याची व्याख्या कामाच्या स्वरूपावर उभी होती. आरंभी तिच्यात अंगमेहनतीचे काम, मग ते कुशल असो वा अकुशल, आणि कारकुनी काम एवढेच होते. १९५६ मध्ये पर्यवेक्षणाचे आणि तांत्रिक काम तिच्यात आले. बॅगवाला या चौकटीत कोठे बसतो? तो दिवसभर उन्हात चालतो, पण त्याचे काम अंगमेहनतीचे नाही. रात्री अहवाल लिहितो, पण कारकून नाही. औषधाचे शास्त्र समजावून सांगतो, पण तंत्रज्ञ नाही. त्याच्या हाताखाली कोणी नाही, त्यामुळे पर्यवेक्षकही नाही. त्याचे खरे काम एका वाक्यात सांगता येते: तो बोलून मन वळवतो. आणि मन वळवणे हा शब्द व्याख्येत नव्हता.

मे अँड बेकर या कंपनीच्या एका बडतर्फ प्रतिनिधीच्या खटल्यात, साठच्या दशकाच्या प्रारंभी, सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. प्रतिनिधीचे मुख्य काम खपासाठी फिरणे हे आहे. त्यातले लिहिणे किंवा उचलणे केवळ आनुषंगिक आहे. म्हणून तो कामगार नव्हे. तर्काने निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. व्याख्या जशी होती तशी न्यायालयाने वाचली. परिणाम मात्र चमत्कारिक झाला. गोळी बनवणाऱ्या यंत्रापाशी उभा असलेला मनुष्य कामगार ठरला, आणि तीच गोळी पिशवीत घालून गावोगाव नेणारा मनुष्य कामगार ठरला नाही. पुढे औरंगाबादेत चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे औषधांचे कारखाने आले तेव्हा हे दोघे एकाच शहराचे रहिवासी झाले. एकाच पानाच्या टपरीवर दोघे चहा पीत असतील. त्यांतल्या एकाला कायदा होता.

(जाता जाता: बोलणे हेच ज्यांचे काम, अशा आणखी एका वर्गाचेही असेच झाले. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकही या व्याख्येत बसत नाहीत असे ठरवले. म्हणजे बी.एस्सी.च्या वर्गात शिकवणारे सर आणि तेथून निघून बॅग उचलणारा विद्यार्थी, दोघेही व्याख्येच्या बाहेरच.)

अशा परिस्थितीत १९६३ साली हैदराबादेत वेगवेगळ्या प्रांतांतल्या प्रतिनिधींच्या संघटनांनी एकत्र येऊन एक महासंघ स्थापन केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एफएमआरएआय' म्हणतात. महाराष्ट्रातली त्याची घटक संघटना म्हणजे महाराष्ट्र सेल्स अँड मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हज असोसिएशन. हैदराबाद हे नाव मराठवाड्याच्या कानाला परके नव्हते. १९५६च्या १ नोव्हेंबरपर्यंत ती मराठवाड्याचीच राजधानी होती.

विक्री करणाऱ्यांच्या संघटना जगात इतरत्रही झाल्या होत्या, आणि त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय हैदराबादच्या घटनेचे वेगळेपण ध्यानात येत नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकातच विक्री अधिकाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला होता. तेथे १९५२ मध्ये जॉर्जियात 'पाय सिग्मा एप्सिलॉन' नावाची संघटना निघाली. तिचे सभासद थेट महाविद्यालयातले विद्यार्थी. विक्री हा सन्मानाचा व्यवसाय आहे, तो वर्गात शिकता येतो, स्पर्धेतून घोटता येतो, अशी तिची धारणा. विद्यार्थी असतानाच मुलगा व्यवसायाच्या उंबरठ्यावर येतो आणि पुढे त्याच वर्तुळातल्या वरिष्ठांच्या हाताखाली नोकरीला लागतो. त्या संघटनेपुढचा प्रश्न होता, अधिक चांगले कसे विकावे? हैदराबादच्या संघटनेपुढचा प्रश्न होता, विकणाऱ्याला उद्या सकाळी काढून टाकले तर त्याने कोणाकडे जावे? अमेरिकेत विक्री अधिकारी आणि विक्रेता एकाच मंडळात बसू शकत होते. येथे ते एकमेकांसमोर उभे होते. आणि विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम येथे सारे कंपन्यांच्या हाती राहिले: कॅम्पसमधली मुलाखत, प्रशिक्षण वर्ग, पाठांतर, टायची गाठ. संघटनेची आणि त्या मुलाची भेट व्हायची ती नेमणूक झाल्यानंतर, बहुधा पहिल्या बदलीच्या वेळी. या उशिराचे मोल पुढे दिसते.

महासंघाने आपला प्रश्न राज्यसभेच्या याचिका समितीपुढे नेला. या समितीचा अहवाल १९७२च्या मार्चमध्ये आला, आणि त्यातला विचार आजही वाचण्याजोगा आहे. समितीचे मत असे की औद्योगिक विवाद कायद्यातल्या 'कामगार' शब्दाची व्याख्या जराशी रुंदावून या लोकांना न्याय मिळणार नाही; त्यांच्या सेवाशर्तींसाठी स्वतंत्र कायदा हवा. यापूर्वी एका वर्गासाठी असे झाले होते. पत्रकारही हाताने राबत नव्हते आणि कारकूनही नव्हते, आणि १९५५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करण्यात आला होता. तोच मार्ग पुन्हा वापरला गेला. १९७६च्या मार्चपासून 'विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम' लागू झाला. तेव्हा आणीबाणी चालू होती. मोर्चे आणि संप दडपले जात असताना मोर्चा काढणाऱ्या एका वर्गाचा कायदा संमत व्हावा हा त्या काळाचा एक विरोधाभास.

हा कायदा आकाराने लहान आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो मुळातून वाचावा, कारण त्यात एका व्यवसायाच्या साऱ्या तक्रारी उलट्या करून लिहिलेल्या आढळतात. नेमणूकपत्र दिलेच पाहिजे असे कलम आहे, म्हणजे ते दिले जात नव्हते. अकरा दिवसांच्या कामामागे एक दिवस हक्काची रजा आणि सेवेच्या अठराव्या भागाइतकी अर्ध्या पगाराची आजारपणाची रजा असे प्रमाण ठरवले आहे, म्हणजे रजा साहेबांच्या मर्जीवर होती. मग सहाव्या कलमात एकामागून एक जुन्या कायद्यांची नावे येतात: नुकसानभरपाई, औद्योगिक विवाद, किमान वेतन, प्रसूतिलाभ, बोनस, उपदान. हे सारे कायदे कामगारांना जसे लागू आहेत तसे या कर्मचाऱ्यांनाही लागू होतील, असे तेथे म्हटले आहे. ही युक्ती साधी आणि सुरेख होती. त्याला कामगार म्हणायचे नाही, पण कामगाराला जे मिळते ते द्यायचे.

मात्र त्यात एक खोच ठेवलेली होती. कमिशन वगळून दरमहा ७५० रुपयांपर्यंत पगार असलेल्यालाच हे संरक्षण होते. त्यावर गेला की तो कायद्याबाहेर. म्हणजे जो चांगला विकेल, ज्याला पगारवाढ मिळेल, तो बक्षीस म्हणून संरक्षण गमावेल. पगारवाढीचे पत्र हातात घेऊन आनंद मानावा की काळजी करावी, असा प्रसंग अन्य कोणत्या नोकरीत आला असेल? ही मर्यादा १९८६च्या दुरुस्तीने गेली आणि ती दुरुस्ती १९८७च्या मे महिन्यापासून अमलात आली. अकरा वर्षे लागली. त्याच दुरुस्तीनंतरच्या व्याख्येत दोन शब्दप्रयोग आहेत, ज्यांकडे पुन्हा यावे लागेल. विक्री संवर्धन कर्मचारी म्हणजे 'कोणत्याही नावाने संबोधलेली' व्यक्ती. आणि तिच्यात 'शिकाऊ उमेदवाराचाही समावेश' आहे.

येथपर्यंत कथा दिल्लीची. यापुढची महाराष्ट्राची, आणि ती कमी सांगितली जाते.

महाराष्ट्राने १९७१ साली स्वतःचा एक कायदा केला होता, कामगार संघांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा. कामगार चळवळीत त्याला इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखतात. त्याचे सामर्थ्य दोन गोष्टींत होते. एक, मालकाच्या अनुचित वर्तनाची यादीच त्याला जोडलेली आहे, आणि तिच्यात व्यवस्थापकीय धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली हा स्वतंत्र प्रकार आहे. दोन, कर्मचारी स्वतः थेट न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. केंद्राच्या कायद्याने जायचे तर आधी समेट अधिकारी, मग सरकारकडे अहवाल, मग सरकारला वाटले तर वाद न्यायालयाकडे पाठवणे. त्यात वर्षे जात.

बॅगवाल्याच्या आयुष्यात बदली म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या फरकाची धार कळत नाही. कारखाना उचलून नेता येत नाही, म्हणून यंत्रावरच्या माणसाला फारसे हलवता येत नाही. प्रतिनिधीचे यंत्र म्हणजे त्याची जीभ आणि त्याची ओळख. त्याला औरंगाबादेतून उचलून ईशान्येत टाकता येते, आणि कागदावर ती शिक्षा दिसतही नाही. मुले शाळेत, आई-वडील गावी, भाषा परकी, डॉक्टर अनोळखी. बहुतेक माणसे दोन महिन्यांत स्वतःहून राजीनामा देतात. संघटनेचे काम करणाऱ्याला वठणीवर आणण्याचा हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता. म्हणून महाराष्ट्रातल्या प्रतिनिधींना राज्याचा कायदा हवा होता.

पण राज्याच्या कायद्यात 'कर्मचारी' कोण, हे ठरवताना बोट दाखवलेले होते केंद्राच्या १९४७च्या कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येकडे. प्रश्न फिरून तेथेच आला. एच. आर. अद्यंथया विरुद्ध सँडोझ (इंडिया) या नावाने ओळखला जाणारा खटला आणि त्यासोबतची अपिले अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेली. ११ ऑगस्ट १९९४ रोजी निकाल लागला. तो लिहिला न्या. पी. बी. सावंत यांनी, कामगारांविषयी सहानुभूती असलेले न्यायाधीश म्हणून महाराष्ट्राला त्यांची ओळख होती. निकाल प्रतिनिधींच्या विरुद्ध गेला. व्याख्येतल्या ठरावीक प्रकारांपैकी एखाद्या प्रकारात काम बसलेच पाहिजे. केवळ अपवादांत न बसल्याने कोणी कामगार ठरत नाही. विक्रीसाठी तांत्रिक माहिती लागते म्हणून ते काम तांत्रिक होत नाही. १९७६च्या कायद्याने केंद्राचा औद्योगिक विवाद कायदा प्रतिनिधींना लागू केला हे न्यायालयाने मान्य केले. पण राज्याचा कायदा? १९७६च्या कायद्यात त्याचा उल्लेख नाही, आणि मूळ व्याख्येत प्रतिनिधी बसत नाही. म्हणून राज्याच्या कायद्याखाली तक्रार करता येणार नाही.

ती सुरेख युक्ती येथे उलटली. 'कामगार म्हणायचे नाही, पण मिळते ते द्यायचे' यातला पहिला अर्धा भाग अठरा वर्षांनी अंगावर आला. नावाचे महत्त्व नसते असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

१९९९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ही उणीव भरून काढली. राज्याच्या कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत 'आणि विक्री संवर्धन कर्मचारी' अशी भर घालण्यात आली. तेव्हापासून औरंगाबादचा प्रतिनिधी बदलीचा कागद घेऊन आपल्याच शहरातल्या औद्योगिक न्यायालयाची पायरी चढू शकला. हा विजय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला नाही. एका व्याख्येत काही शब्दांची भर, एवढाच तो होता, आणि त्यासाठी मधली पाच वर्षे किती बदल्या पचवाव्या लागल्या असतील याची मोजदाद कोठे नाही.

पुढची पायरी झपाट्याने सांगता येईल. २०११च्या जानेवारीत केंद्राने १९७६चा कायदा आणखी दहा उद्योगांना लावला: सौंदर्यप्रसाधने आणि साबण, तयार कपडे, शीतपेये, बिस्किटे, आयुर्वेदिक-युनानी-होमिओपॅथिक औषधे, वाहने, शस्त्रक्रियेची साधने, संगणक, विजेची उपकरणे, रंग. म्हणजे वाळूजच्या परिसरात बनणाऱ्या कितीतरी वस्तूंचे विक्रेतेही त्यात आले. त्यांतल्या बहुतेकांना आजही हे माहीत नसेल.

या संघटनेच्या इतिहासातले सर्वांत अनपेक्षित प्रकरण मात्र याहून निराळे आहे. आपल्या हक्कांसाठी लढणारी संघटना नवी नाही. आपल्याच व्यवसायातल्या लाचखोरीविरुद्ध न्यायालयात जाणारी विक्रेत्यांची संघटना दुर्मीळ. २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटवस्तू आणि सहली घेण्यास मनाई केली. घेणाऱ्याला नियम झाला. देणाऱ्याला मात्र २०१५ पासून जी आचारसंहिता होती ती ऐच्छिक. या दोहोंच्या मधोमध उभा होता बॅगवाला: वरून टार्गेट, समोर डॉक्टर, आणि काही सापडले तर हात त्याचाच. महासंघाने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, की विपणनाच्या आचारसंहितेला कायद्याचे बळ द्या. २०२२च्या ऑगस्टमध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठापुढे तिची सुनावणी झाली तेव्हा देशभर चर्चा झाली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने नवी आचारसंहिता जाहीर केली.

येथे एक शंका घेणे रास्त आहे. ज्यांची रोजीरोटी खपावर चालते त्यांनी खपाच्या वाटा बंद करायला का सांगावे? टीकाकार म्हणतील की हाही दबावाचाच एक डाव. पण व्यवसायाची रचना पाहिली तर वेगळे दिसते. ज्या दिवशी गोळीचा खप समोरच्या भेटवस्तूवर ठरतो, त्या दिवसापासून शरीरशास्त्र शिकलेल्या माणसाची गरज उरत नाही. पाकीट पोचवायला बी.एस्सी. लागत नाही. आरशासमोर घोटलेल्या त्या वाक्यांना काही अर्थ उरावा, अशी ही मागणी होती. तिच्यात स्वार्थ आहे, आणि तो रुग्णाच्या हिताशी जुळणारा आहे.

आता त्या दोन शब्दप्रयोगांकडे परत येऊ.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९७६चा कायदा त्यांत विलीन झाला. औद्योगिक संबंध संहितेतल्या 'कामगार' या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा नाव घेऊन समावेश आहे. १९६३ साली हैदराबादेत जमलेल्यांना जे हवे होते ते शब्दशः मिळाले. टाय घातलेला माणूस केंद्राच्या मूळ व्याख्येत आला. महासंघाचा या संहितांना विरोध आहे, त्याची कारणे अनेक आहेत आणि ती येथे मांडायची म्हटली तर आणखी एक धागा लागेल. पण व्याख्येतले एक वाक्य विद्यार्थ्यांनी पाहावे. जुन्या कायद्यात 'शिकाऊ उमेदवारासह' असे शब्द होते. नव्या व्याख्येत १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा उमेदवार कामगार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे.

त्याच सुमारास महाविद्यालयांत दुसरी एक गोष्ट घडते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन. हेतू वाईट नाहीत. बारा महिने घरी बसण्यापेक्षा सहा महिने काही शिकणे बरेच. तथापि विक्रीच्या कामात शिकणे आणि करणे यांच्यात भिंत कोठे घालायची? यंत्रावरच्या उमेदवाराला मास्तर शेजारी उभा करून शिकवता येते. विक्रीतला उमेदवार पहिल्या आठवड्यापासून त्याच दवाखान्याबाहेर, त्याच सावलीत उभा असतो. त्याच्या हातात तीच बॅग असते, आणि महिनाअखेरीस त्याचाही आकडा विचारला जातो.

अमेरिकेत १९५२ साली विक्रेत्यांची संघटना विद्यार्थ्यांपर्यंत महाविद्यालयातच पोचली होती. येथे ती नेमणूकपत्राची वाट पाहत राहिली, आणि आता अनेकांच्या हाती नेमणूकपत्राआधी करारपत्र पडते. त्यावर हुद्दा छापलेला असतो: 'ट्रेनी', 'बिझनेस असोसिएट', 'एक्झिक्युटिव्ह'. जुना कायदा म्हणे, कोणत्याही नावाने संबोधलेली व्यक्ती. आज कॅम्पसच्या मुलाखतीनंतर कागद हाती आला की मुलगा आधी रक्कम पाहतो, मग मुलूख. हुद्द्याखाली, बारीक अक्षरांत, कोणत्या कायद्याखाली हा करार होत आहे ते लिहिलेले असते. ती ओळ वाचायला एखादे मिनिट पुरते. दवाखान्यात डॉक्टर देतात त्याहूनही कमी.